उताराखालची विहीर

मळा, ता. मुखेड
३ ऑक्टोबर २०२४

चि. वीरेश यास मामाचा आशीर्वाद.

इकडं आम्ही दोघं बरे हाव. तू बी बराच असशील, कारण तुझं बिनसलं की तू गाव बदलतोस, आन् अजून तरी पाकिटावर पत्ता इंदूरचाच हाय.

फोन करत जा म्हणून लिहिलंस. कुणाला करू? कानाला फोन लावला की मला निस्ती चरचर ऐकू येते. तुझी मामी ऐकती, लई वेळ हाव हाव करती, आन् तू काय म्हणालास असं मी विचारलं की म्हणती, "बरा हाय." तेवढ्यासाठी कशाला रिचार्ज मारायचा? कागद बरा. कागदातलं तुझ्या मामीला, पार्वतम्माला, कापता येत न्हाई.

आता कामाचं. उसाला हुमणी लागली. पांढरी, बोटाएवढी अळी, मुळ्या खाऊन राहिली. पिवळा पडलेला ऊस धरून ओढला की गाजरासारखा हातात येतो. मुखेडचा कृषी केंद्रवाला म्हणतो, आप्पा, औषध पाटाच्या पाण्यात सोडा, थेट मुळाशी जातं. मी बाटली आणून ठेवली. पण तुझी मामी आडवी आली. विहीर उसाला लागूनच, आन् आपण पितो तेच पाणी. ती म्हणती, अळी मरंल आन् मागून आपण.

तू तिथं मातीच्या फार्मवर हाईस. पाण्यासंगट औषध जमिनीत किती खोल उतरतं, हेच तुझ्या मॅडम शोधून राहिल्यात असं तूच लिहिलं होतंस. तर विचार त्यांना. तुला आजवर मी काही विचारलं न्हाई, सांगतच आलो. ही पहिली बारी हाय, तवा नीट विचारून लिही.

बांधापलीकडं साहेबरावची सून उज्वला, तिला दिवस गेलेत. दिवाळीनंतर डोहाळजेवण. तिच्या सासूनं, साखराबाईनं, आतापासूनच सगळ्या शिवाराला सांगून ठेवलंय. बाकी ठीक.

तुझा मामा
चंद्रप्पा

&nbsp;

फार्म, इंदूरच्या अलीकडं
१५ ऑक्टोबर २०२४

ती. चंद्रप्पा मामांस वीरेशचा शरणु. मामीला सांगा, मी बरा आहे. दोन शब्द पुरेत.

तुमचं पत्र वाचून मी ते इथल्या सगळ्या गड्यांना दाखवलं. आमच्या मामानं मला काहीतरी विचारलंय म्हणून. ते म्हणाले यात काय एवढं? त्यांचे मामा वेगळे असतील.

आधी इथलं काम सांगतो, म्हणजे उत्तर कळेल. रानात एक पोकळ लोखंडी नळी ठोकायची, वर ओढायची, आतली माती जशीच्या तशी पिशवीत भरायची, पिशवीवर खोली लिहायची. वीतभराची माती, हातभराची माती, कमरेएवढ्या खोलीची माती. काही ठिकाणी चिनीमातीच्या कुप्या पुरल्यात. त्यांना सलाईनसारखी बारीक नळी असते. पंपानं हवा ओढली की जमिनीतलं पाणी थेंब थेंब वर येतं. ते बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेऊन द्यायचं. औषध कुठपर्यंत पोचलं ते तिथं कळतं. मला आठवी नापासाला हे काम मिळालं, कारण मी हैदराबादला बोअरच्या गाडीवर होतो आणि नळी वाकडी न करता ठोकता येते.

मॅडम मात्र दिवसभर कॉम्प्युटरवर. रानात दहा वर्षं बसायला कुणाला फुरसत आहे? म्हणून त्या कॉम्प्युटरच्या आतच रान तयार करतात. माती कसली, पाणी किती दिलं, ऊन किती, औषध कोणतं, सगळं आत घालायचं. मग पडद्यावर जमिनीचा उभा काप दिसतो, थरांवर थर. औषध लाल रंगात. एक बटण दाबलं की वर्षं पळायला लागतात. त्यांचा चहा संपेपर्यंत दहा वर्षं झाली. अशी वेळ पुढं ढकलता आली असती तर मी आठवीचं वर्ष आधी ढकललं असतं.

मी मागं उभा होतो, कप न्यायला आलेलो. विचारलं, मॅडम, ये दवाई कुएँ तक कब पहुँचेगी? त्या हसल्या. पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, देख लो, दस साल में यहीं अटकी है. मी बघितलं. लाल रंग वरच्या वीतभर मातीत बसलेला, खाली सगळं स्वच्छ. माती औषधाला धरून ठेवते म्हणाल्या, आणि तिथंच ते हळूहळू सडून जातं.

तर मामा, बिनधास्त सोडा. मामीला सांगा, वीरेशनं स्वतःच्या डोळ्यांनी दहा वर्षं बघितली. आपली काळी माती तर त्याहून चिवट. तिच्या हातातून काय सुटतंय?

इथं सहा महिने झाले. एवढा मी कुठंच टिकलो नव्हतो. गुजरातमधून एक मित्र बोलावतो, पण सध्या नाही म्हणालो.

तुमचा
वीरेश

&nbsp;

मळा
६ नोव्हेंबर २०२४

चि. वीरेश, आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं, दिवाळी बी झाली. पत्र तुझ्या मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती ऐकून घेतली आन् म्हणाली, "पोरगं शिकलं असतं तर साहेब झालं असतं." न्हाई शिकला तरी साहेबासारखंच लिहून राहिला, असं मी म्हणलं. हे तुला सांगायचं नव्हतं, पण कागद लांब उरलाय.

औषध सोडलं. मधी एक घोळ झाला होता. आपल्या शिवाराची विजेची डीपी जळाली. वायरमनच्या मागं फिरून बेजार झालो. त्यानं दिवाळीच्या तोंडावर बसवली, तवर महिनाभर उसाला पाण्याचा थेंब न्हाई. रान असं तडकलं की भेगेत माझा हात कोपरापर्यंत गेला. लाईट आली तशी मोटार चालू केली आन् पाटाच्या तोंडाला औषध धरलं. बाटलीवर लिहिल्यापेक्षा दीडपट घेतलं. कंपनीवाले भिऊन कमी लिहितात, ते का त्यांच्या रानात टाकतात? पाणी निस्तं भडाभडा भेगेत गेलं. पाट भरायलाच तयार न्हाई. रान पीत गेलं, मी बघत गेलो. म्हणलं, बरं झालं, अळी खोल हाय, औषध बी खोल गेलं.

आता ऊस हिरवा पडायलाय. उपटून बघितलं, हुमणी मेलेली. कृषी केंद्रवाल्याला सांगितलं, माझा भाचा इंदूरला ह्याच कामात हाय, त्यानं दहा वर्षांचं बघून सांगितलंय. तो म्हणाला, आप्पा, मला बी नंबर द्या त्याचा. दिला न्हाई. साहेबरावला मात्र सगळं सांगितलं. त्याच्या उसाला बी लागलीय.

उज्वलाचं डोहाळजेवण झालं. तुझी मामी जाऊन आली. पोरगी अशक्त दिसती म्हणली, पण तिला सगळ्याच पोरी अशक्त दिसतात.

चंद्रप्पा

&nbsp;

फार्म
२० नोव्हेंबर २०२४

ती. मामांस शरणु.

हे पत्र सगळं वाचा, आणि वाचून झाल्यावर मामीला बी द्या. काल फोनवर मी तिला सांगितलं की विहिरीचं पाणी पिऊ नका, गावातून आणा. ती म्हणाली, तुझे मामा म्हणतात कागदावर लिही, मग बघू. म्हणून लिहितो.

गेल्या आठवड्यात मॅडमनी दुसऱ्या रानात काम लावलं. हरभऱ्यासाठी मोकळं ठेवलेलं रान, काळी माती, वाळून तडकलेली. आपल्यासारखीच. त्यावर पाणी सोडलं, पण पाण्यात निळा रंग घातलेला. मिठाईवाले घालतात त्या जातीचा, विषारी नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, खोद. मी खड्डा खोदला, कडा खुरप्यानं उभ्या तासल्या, म्हणजे भिंत दिसावी.

मला वाटलं वीतभर निळं आणि खाली काळं दिसेल, पडद्यावर होतं तसं. तसं नव्हतं. वरची माती सगळीकडं जेमतेम ओली. पण जिथं जिथं भेग होती तिथं निळा पट्टा सरळ खाली गेलेला. भेगेच्या दोन्ही बाजूची ढेकळं आत कोरडी, फोडली तर धूळ. आणि पट्टा खड्ड्याच्या तळाला, पार मुरमापर्यंत. मी खड्ड्यात उभा होतो, पट्टा माझ्या छातीपासून पायापर्यंत. मातीनं काहीच धरलं नव्हतं. पाणी तिला शिवलंच नाही, तिच्या शेजारून गेलं.

मला तुमचं पत्र आठवलं. कोपरापर्यंत हात.

मॅडमला विचारलं, आपने तो कहा था दस साल. त्या म्हणाल्या, तू किस दिन की बात कर रहा है? मी सांगितलं, चहाचा दिवस. त्यांनी ते जुनं चित्र परत काढून दाखवलं. ती नदीकाठची गाळाची माती होती. सारखी, ओली, भेग नसलेली. तडकलेल्या मातीचा हिशेब त्या वेगळा करतात. त्यात दोन वाटा धरतात, एक मातीतून जाणारी हळू आणि एक भेगेतून जाणारी जोरात. तो हिशेब दुसऱ्या फाइलीत होता. मी माती कोणती ते विचारलंच नव्हतं. पडद्यावर माती दिसली आणि मला ती आपलीच वाटली. त्यांनी विचारलं, क्यों, किसी को बताया क्या? मी म्हणालो, मामा को. त्यांनी फाइल बंद केली. मग म्हणाल्या, कुआँ कितनी दूर है?

मामा, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. तुम्ही औषध सोडलं ते माझ्या शब्दावर.

सोबत निळ्या रंगाचा पुडा पाठवतो. मॅडमनी दिला आहे. तुम्ही आता जिथं पाणी सोडाल तिथं, भेगा आहेत त्या पट्ट्यात, पाटाच्या तोंडाला यातला एक चमचा घाला. एकच. मग रोज विहिरीच्या भिंतीतल्या झऱ्यांकडं बघा. निळं आलं तर समजा, औषधाची वाट तीच. नाही आलं तरी पाणी गावातूनच आणा, कारण रंग न दिसला म्हणून औषध नसेल असं होत नाही. पाण्याची बाटली भरून कृषी विद्यापीठात तपासायला देता येते, मी पत्ता विचारून ठेवतो.

पुढच्या वेळी पाणी द्यायच्या आधी भेगा कोळपून बुजवा, किंवा थोडं थोडं पाणी देऊन मिटू द्या. आणि पाण्यातून औषध नको.

वीरेश

&nbsp;

मळा
९ डिसेंबर २०२४

चि. वीरेश, आशीर्वाद.

पत्र वाचलं. तुझ्या मामीनं बी वाचलं, आन् त्या दिवसापासून गावातून जारचं पाणी आणून राहिली. मला विहिरीचं देत न्हाई. चहा बी जारचा. चहाला चव न्हाई.

तुझा रंग टाकला. पुडा तसा लहानच होता. एक चमच्यानं विहिरीएवढ्या पाण्याला काय कळणार, म्हणून सगळाच टाकला. पाट असा निळा झाला की वरच्या वस्तीवरली लेकरं बघायला आली. पाणी भेगेत गेलं, मागल्यासारखंच. मग मी रोज सकाळी विहिरीत डोकावलो. एकदा दोरीला धरून पायऱ्यांखाली उतरलो, ह्या वयात. तुझी मामी वरून ओरडून राहिली, मला ऐकू आलं न्हाई हे बरं.

काही आलं न्हाई. सगळे झरे बघितले, काचेसारखं पाणी. तवा तुझी भीती तू परत घे. मॅडमची मॅडम जाणे. पहिलं बरोबर होतं का दुसरं, मला त्यात पडायचं न्हाई. पण माझी विहीर साफ हाय.

इतर मजकूर. थंडी पडली. येळवसेच्या रानपूजेला औंदा तू येणार का? मामी उंड्यासाठी बाजरी निवडून ठेवायलीय. साहेबराव चार दिवस चहाला आला न्हाई. त्याच्या विहिरीत कुणीतरी कपड्याची नीळ टाकली म्हणून सगळ्या शिवारावर ओरडून राहिला. तांड्यावरल्या पोरांचं नाव घेतो. मोटार लावून विहीर उपसली म्हणे, आता पाणी परत साफ झालं, तेच वापरून राहिले. लोक कसले खेळ करतील, नेम न्हाई.

साहेबरावचं मी असंच लिहिलं. त्याचा ह्या गोष्टीशी काही संबंध न्हाई.

चंद्रप्पा

&nbsp;

फार्म
१७ डिसेंबर २०२४

ती. मामांस.

मी तुमच्या रानात आठवी सोडल्यावर तीन पावसाळे काढलेत. उतार कुठं आहे ते मला माहीत आहे. तुमची विहीर रानाच्या वरच्या अंगाला. तिला पाणी वरच्या वस्तीकडून येतं. साहेबरावकाकांची विहीर बांधाच्या खाली, आणि मधला सगळा मुरूम तिकडंच झुकलेला. पावसाळ्यात त्यांची विहीर आधी भरायची आणि तुम्ही म्हणायचात, माझं पाणी साहेबराव पितो. हसून म्हणायचात.

म्हणजे रंग गेला, फक्त तुमच्याकडं नाही. तुम्ही सगळा पुडा घातलात म्हणून तो दिसला तरी. चमचाच घातला असता तर आपण दोघंही आज खुश असतो. दिवाळीला जे सोडलं ते बी त्याच वाटेनं गेलं असणार, त्याला रंग नव्हता एवढंच. आणि ते दीडपट होतं.

मला एक गोष्ट विचारायची आहे. उज्वलावहिनी कुठलं पाणी पितात?

तुम्ही शेवटी जी ओळ लिहिली, संबंध नाही म्हणून, ती मी बऱ्याच वेळा वाचली. मी विचारलंच नव्हतं मामा. ती तुम्ही आपणहून लिहिली.

साहेबरावकाका तांड्यावरच्या पोरांना धरून मारायच्या आत तुम्ही त्यांना सांगा. माझं नाव पुढं करा. वीरेशनं चुकीचं सांगितलं म्हणा, खरंच आहे ते. तुम्ही नाही सांगितलं तर मी त्यांना पत्र टाकणार. त्यांचा फोन नंबर माझ्याकडं आहे, पण हे फोनवर सांगायचं नाही, आणि तुमच्या आधी माझ्याकडून त्यांना कळू नये.

येळवसेला येता येत नाही. इथं नळ्या ठोकायचं काम संपत आलंय. संपलं की ठेवतील की नाही माहीत नाही. गुजरातवाला परत विचारत होता. मी त्याला अजून काही सांगितलं नाही. हे मिटल्याशिवाय कुठं गेलो तर तुमचं पत्र मागच्या पत्त्यावर येईल.

वीरेश

&nbsp;

मळा
२ जानेवारी २०२५

चि. वीरेश, आशीर्वाद.

तुझं पत्र येळवसेच्या आधी आलं. उत्तर द्यायला उशीर केला, कारण लिहायला काही केलेलं नव्हतं.

साहेबरावनं काही विचारलं असतं तर सांगितलं बी असतं. पण तो परत चहाला यायला लागला. बसायचा, बिडी ओढायचा, पोरांना शिव्या द्यायचा. मी मान हलवायचो. बहिऱ्याला ते सोपं असतं. तुझी मामी मात्र त्याच्या समोर जारचं पाणी ठेवायची आन् माझ्याकडं बघायची. तो विचारायचा, वहिनी, विहीर असून जार कामून? ती म्हणायची, तुमच्या दोस्ताला विचारा.

येळवस सोमवारी झाली. दरसाल सकाळी तो माझ्या रानातल्या कडब्याच्या कोपीत येतो आन् दुपारी मी त्याच्या. सकाळी आपली पूजा झाली. पाची पांडव मांडले, भज्जी, उंडे, आंबील. सगळं मामीनं जारच्या पाण्यात केलं. साहेबराव पोटभर जेवला, म्हणला, वहिनीची आंबील लई झाली. दुपारी आम्ही बांध उतरून त्याच्या कोपीत गेलो. कडब्याची मोठी कोप घातली होती. पाव्हणे होते, मुक्रमाबादचे, उज्वलाच्या माहेरचे. साखराबाईनं पंगत बसवली. आंबील उज्वला वाढत होती. आता तिला वाकता येत न्हाई, तरी वाढत होती. माझ्यासमोर पेला ठेवला. म्हणली, "मामंजी, घ्या. आमच्या विहिरीचं पाणी हाय, जारचं न्हाई." सगळे हसले. साहेबरावनं तिला शिकवून ठेवलं असणार.

वीरेश, मी पेला उचलला. तोंडापाशी नेला. तुझी मामी बायकांच्या पंगतीतून बघत होती. पिलो असतो तर काही झालं नसतं, एका पेल्यानं काय होतं. त्या पोरीनं दिवाळीपासून किती पेले पिले असतील ते डोक्यात आलं. पेला खाली ठेवला.

म्हणलं, साहेबराव, तुझ्या विहिरीत नीळ मी टाकली.

त्याला वाटलं मस्करी. म्हणला, "आज भांग पिलास का चंद्रप्पा?" मग मी सगळं सांगितलं. हुमणीचं औषध, डीपी, भेगा, पुडा. मला माझाच आवाज किती मोठा झाला ते कळत न्हाई, तवा सगळ्या पंगतीनं ऐकलं. बाजूच्या कोपीतल्या लोकांनी बी. तुझं नाव पुढं कर म्हणला होतास. केलं न्हाई. बाटली मी उघडली, दीडपट मी टाकलं, आन् नीळ कुठून आली ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

साखराबाई उठली. उज्वलाच्या हातातलं भांडं घेतलं, सुनेला हाताला धरून कोपीच्या बाहेर नेलं. जाताना मला म्हणली, "तुमचं रान हिरवं व्हावं म्हणून माझ्या घरचं लेकरू पणाला लावलं व्हय?" मला एवढं ऐकू आलं. त्याच्या पुढचं बी बोलली, ते ऐकू आलं न्हाई. मुक्रमाबादचे पाव्हणे हात धुवून उठले.

साहेबराव बसून होता. मला वाटलं आता हा हात उचलंल. त्यानं आंबिलीचं बिंदगं घेतलं आन् बांधाकडं चालायला लागला. दरसाल आपण ती रानाभोवती शिंपडतो, तसं न्हाई. एका जागी उभा राहिला आन् सगळं ओतलं. मी मागं गेलो. त्याच्या उसात बी भेगा होत्या. आंबील भेगेत गेली, पांढरी, आन् दिसंनाशी झाली.

मग तो माझ्या कानापाशी तोंड आणून बोलला, म्हणून नीट ऐकू आलं. म्हणला, "चंद्रप्पा, तू मला सांगितलंस भाचा म्हणतो काही होत न्हाई. मी बी दिवाळीनंतर तेच औषध सोडलं. लाईट रात्रीची होती, तुला दिसलं न्हाई. तुझं माझ्याकडं आलं. मग माझं कुणाकडं गेलं?"

आम्ही दोघं खाली बघत उभे राहिलो. तुला शिवार ठाऊक हाय. साहेबरावच्या खाली गौरम्माचं रान, तिच्या विहिरीवर तिची चार घरं. त्याच्या खाली तांडा. तांड्याच्या खाली शाळेचा हापसा. सगळीकडं कोपी होत्या, लोक जेवत होते. गौरम्माच्या रानातून पोरं डोक्यावर बिंदगी घेऊन होलगे-होलगे असा पूजेचा घोष करत फिरत होती.

साहेबराव म्हणला, त्या तांड्यावरल्या पोरांना मी आई-बहिणीवरून बोललो. मी म्हणलं, आन् मी तवा मान हलवली.

आम्ही उताराला लागलो. आधी गौरम्माकडं, मग तांड्यावर. दोघांनी मिळून सांगितलं. कुणी ऐकलं, कुणी हसलं. गौरम्मानं जेवायचा आग्रह केला आन् सगळं ऐकून घेतल्यावर आम्हाला जेवायला वाढलं न्हाई. तांड्यावर म्हणले, येळवसेच्या दिवशी कशाला असलं बोलता, उद्या या. तवा उद्या बी गेलो. शाळेच्या गुरुजींनी हापशाला दोरी बांधली, पण लेकरं दोरीखालून जातात.

उज्वलाला मुखेडला दाखवून आणलं. मी भाड्याची गाडी केली होती, साखराबाई तिच्यात बसली न्हाई, एसटीनं गेली. डॉक्टरीण म्हणल्या सध्या बरं हाय, पंधरा दिवसांनी परत बघू. पाण्याचं विचारलं तर म्हणल्या, पाणी तपासून आणा, मग बोलू. तू म्हणला होतास तो विद्यापीठाचा पत्ता धाड. बाटल्या भरून ठेवल्यात, पाच विहिरींच्या, शाळेच्या हापशाची बी.

साखराबाई बोलत न्हाई. साहेबराव चहाला येतो, पण बांधावरच उभा राहून पितो.

काम संपलं तर गुजरातला जाशील, तुझा सोभाव मला ठाऊक हाय. जायच्या आधी एक करशील का? मॅडमला विचारून तसाच निळा पुडा आणखी एक धाड. साहेबरावनं मागितलाय. त्याला त्याच्या उसात टाकायचाय, आन् मी गौरम्माच्या विहिरीवर बसून बघणार. तिला आधी सांगून ठेवलंय, तिनं होकार दिला न्हाई, नकार बी दिला न्हाई.

किती टाकायचा ते पुड्यावर मोठ्या अक्षरात लिही. लिहिशील तेवढाच टाकू.

तुझा मामा
चंद्रप्पा